यात दाणा आहे का

पंतनगरमधल्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर विमलमावशींचं पाळणाघर आहे. दारावर पाटी नाही. बाहेर छोट्या चपलांचा ढीग दिसला की पाळणाघर चालू आहे, असं समजायचं. मावशींचं पूर्ण नाव विमला काशीराम धुरी. सासरे गिरणीत होते. नवरा काशीराम विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त. स्वतःची दोन मुलं मोठी होऊन एक बदलापूरला आणि एक पुण्याला गेला, तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, मावशी दुसऱ्यांची मुलं सांभाळतात. माझा यज्ञेश सात महिन्यांचा असताना मी त्याला त्यांच्याकडे ठेवलं आणि पहिल्या दिवशी ऑफिसात बसून रडले. संध्याकाळी तो माझ्याकडे यायलाच तयार नव्हता.

स्वरदा मावशींकडे आली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. अकरा महिन्यांची असताना कुणीतरी कौतुकानं चिक्कीचा चुरा तिच्या जिभेवर ठेवला, आणि दोन दिवस ती हॉस्पिटलमध्ये होती. तेव्हापासून तिची आई मधुवंती कुणाच्याही घरी पाणीसुद्धा जपून प्यायला द्यायची. ती पवईला नोकरी करायची, नवरा निहार ठाण्याला. आमच्या मागच्याच नव्या टॉवरमध्ये ते राहत.

पहिल्या दिवशी मधुवंती मावशींकडे दोन तास बसली. मुलांच्या गाद्या, भांड्यांची जाळी, फ्रीज, सगळं पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, घरात शेंगदाणा येणार नाही असं तुम्ही म्हणालात. मला ते नुसतं तोंडी नकोय."

"मग कसं हवंय?"

"डबे उघडून दाखवा."

मावशींना राग आला होता. पण त्यांनी एकेक डबा उघडून दाखवला. एका बरणीत कूट निघालं. ते त्यांनी तिच्यासमोर पिशवीत भरून वरच्या मजल्यावर देऊन टाकलं आणि बरणीही देऊन टाकली. "आमच्यात जेवणाला खोबरं लागतं," त्या मला नंतर म्हणाल्या, "दाण्यावाचून माझं काय अडत नाही. पण त्या मुलीच्या डोळ्यांत असं होतं, की मी रात्री जाऊन परत आणीन."

त्यानंतर मावशींनी नियम केला. कोणाच्या डब्यात शेंगदाणा नाही, चिवडा नाही, चिक्की नाही, साबुदाण्याची खिचडी नाही. काशीरामकाकांना संध्याकाळी खारे दाणे लागायचे. त्यांनी दाणे सोडले नाहीत, जागा बदलली. बागेत बाकावर बसून खायचे आणि घरात शिरण्याआधी जिन्यातल्या नळावर हात-तोंड धुवायचे. तरी मावशी त्यांचे खिसे उलटे करून बघायच्या.

स्वरदा मात्र मजेत होती. गोल चेहऱ्याची, खर्जातल्या आवाजाची मुलगी. आईनं तिला एक वाक्य पाठ करून दिलं होतं. काहीही पुढे केलं की ती विचारायची, "यात दाणा आहे का?" केळ्याला विचारायची, बिस्किटाला विचारायची. एकदा पाण्याच्या पेल्यालाही विचारलं. मावशी दर वेळी गंभीरपणे सांगायच्या, "नाही गं बाय, पाणीच आहे," आणि मगच ती प्यायची. खाणं मात्र घरचंच. मधुवंती पहाटे उठून डबा करायची, त्यावर स्वरदाचं नाव आणि तारीख चिकटवायची.

पाच महिने सगळं ठीक चाललं. मग नवरात्रातल्या एका मंगळवारी जेवणानंतर स्वरदाच्या ओठांभोवती लाल चट्टे आले. मावशींनी मधुवंतीनं दिलेलं औषध पाजलं, तिला फोन केला. तासाभरात चट्टे गेले. घाम आला असेल, कशाला तरी हात लागला असेल, असं सगळे धरून चालले. दहा दिवसांनी पुन्हा तसंच. या वेळी वरचा ओठ सुजला, आणि ती सारखी जीभ दातांवर घासत होती.

मधुवंती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. स्वरदाला कडेवर घेतलं, तपासलं, मग मावशींकडे वळली.

"मावशी, हात दाखवा."

मावशींनी हात पुढे केले. त्यांना वाटलं, नखं बघत असेल. मधुवंती खाली वाकली आणि तिनं त्यांच्या बोटांचा वास घेतला. आधी उजव्या हाताचा, मग डाव्या. दारात दुसऱ्या मुलाची आई उभी होती, तिच्यासमोर.

"एकोणीस वर्षांत," मावशी मला म्हणाल्या, "माझ्या हाताचा कोणी वास घेतला नव्हता."

त्या दिवसापासून मधुवंती अवेळी यायला लागली. कधी अकराला, कधी अडीचला. बेल न वाजवता कडी ढकलून आत. दुसऱ्या मुलांना विचारायची, "आज तू काय खाल्लंस? स्वरदाला दिलंस का?" तीन-चार वर्षांची मुलं कशालाही हो म्हणतात. माझा यज्ञेश म्हणाला, "हो, मी तिला हत्ती दिला." तिनं हत्ती कसला, कुठून आणला, याची पाच मिनिटं चौकशी केली. तो प्लॅस्टिकचा निघाला.

मावशींना तिचा राग यायचा, पण प्रश्न त्यांच्याही डोक्यात शिरला होता. मुलीला होतंय तर खरं. ते आपल्याच घरात होतंय. मग आणतंय कोण?

त्यांच्याकडे मदतीला सुंदराबाई होत्या. असल्फ्याहून यायच्या, अकरा वर्षं कामाला. मुलांना भरवायचं, शी-शू बघायचं, लादी पुसायची. बोलायला कमी, पण स्वरदाला झोपवायचं तर सुंदराबाईंनाच जमायचं. पाठीवर संथपणे थापटायच्या आणि ती पाच मिनिटांत झोपायची. आता मावशी त्यांच्या हातांकडे बघायला लागल्या. भरवून झालं की जवळून जाताना हळूच श्वास ओढून घ्यायच्या. एका गुरुवारी दुपारी सुंदराबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, तेव्हा मावशींनी दाराशी ठेवलेली त्यांची कापडी पिशवी उघडली. आत पदराच्या तुकड्यात बांधलेला एक लाडू होता. दाण्याचा.

सुंदराबाई खाली आल्या तर पिशवी टेबलावर, लाडू तिच्या शेजारी.

"हे काय आहे, सुंदराबाई?"

"उपासाचा लाडू आहे, वहिनी. गुरुवार करते ना मी."

"या घरात दाणा आणायचा नाही, माहीत नाही तुम्हाला?"

"घरात नाही आणत. पिशवी बाहेर चपलांपाशी असते. खाली टाकीजवळ बसून खाते, साबणानं हात धुते, चूळ भरते, मग वर येते. आज सकाळी पाऊस होता म्हणून पिशवी आत घेतली."

"किती दिवस चाललंय हे?"

सुंदराबाईंनी लाडू हातात घेतला. म्हणाल्या, "पोरीला मी कशाला काय करीन?"

"मुद्दाम केलंत असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हटलंत?"

सुंदराबाईंनी लाडू पुन्हा फडक्यात बांधला, पिशवी घेतली आणि चपला घातल्या. उरलेले कपडे त्यांनी तसेच बादलीत ठेवले होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, मावशींनीही बोलावलं नाही. मधुवंतीला मात्र लगेच कळवलं. सापडलं म्हणून. फोनवर मधुवंती म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते."

दिवाळीनंतरच्या सोमवारी घरात मावशी एकट्याच मुलांचं बघत होत्या. काशीरामकाका आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मावशींनी सगळे डबे स्वतः उघडले, सगळ्या मुलांचे हात स्वतः धुतले. स्वरदाला वेगळ्या पाटावर बसवून तिच्या डब्यातला मेतकूट-भात तिच्याच चमच्यानं भरवला. चार-पाच घास झाले असतील. स्वरदा घास तोंडात तसाच धरून थांबली. तिनं कान ओढला. मग खोकली, आणि खोकला थांबेचना. बघता बघता डोळे सुजले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

मावशींनी तिला उचललं. "पोरांका बघा," एवढंच काकांना घरच्या बोलीत सांगून त्या अनवाणी जिना उतरल्या. शेजारच्या इमारतीत मुलांचे डॉक्टर बसतात. मधुवंतीनं त्यांना स्वरदाबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं, तिचा कागद त्यांच्या खणात होता, औषध तयार होतं. त्यांनी विचारण्यात वेळ घालवला नाही. मांडीत इंजेक्शन दिलं. मावशी म्हणतात, ती मिनिटं किती होती हे त्यांना आजही सांगता येत नाही. मग स्वरदा मोठ्यानं रडली, आणि डॉक्टर म्हणाले, "रडू दे. रडतेय हे चांगलं आहे."

हॉस्पिटलमध्ये तिला एक दिवस ठेवून घेतलं. मधुवंती पोचली तेव्हा मावशी वॉर्डाच्या दाराशी उभ्या होत्या, अजूनही अनवाणी. मधुवंती त्यांना एकच वाक्य बोलली. "तुम्ही आत येऊ नका."

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं सगळं लिहिलं. शिव्या नव्हत्या, आरोपही सरळ नव्हता. 'माझ्या मुलीला तिथे तीनदा त्रास झाला. तुमच्या मुलांचं तुम्ही ठरवा.' खाली एकानं लिहिलं, मावशींचं आता वय झालं. दुसरीनं लिहिलं, स्वच्छतेबद्दल मलाही शंका होतीच. मी त्या ग्रुपवर होते. मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी यज्ञेशला आईकडे मुलुंडला ठेवलं, दोन दिवस बघू म्हणून. अकरा मुलांपैकी पाच उरली.

त्या आठवड्यात मावशी उरलेल्या मुलांचं एकट्याच करत होत्या. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. सोमवारी सुंदराबाई घरात नव्हत्या. पिशवी नव्हती, लाडू नव्हता. कुणी बाहेरचं आलं नव्हतं. स्वरदाच्या तोंडात गेला तो फक्त तिच्या घरचा भात.

तिचा डबा त्या धावपळीत पाटावरच राहिला होता. काकांनी झाकण लावून तो फ्रीजमध्ये ठेवला होता. मावशींनी तो काढून उघडला आणि काकांच्या नाकाशी धरला.

"कसलो वास येता?"

काकांनी हुंगलं. खाऱ्या दाण्यांवर आयुष्य काढलेला माणूस. "मेतकूट," ते म्हणाले. मग परत हुंगलं. "आणि मागसून शेंगदाण्याचो. बारीक."

मुलांनी दुपारी काय खाल्लं हे मावशी एका वहीत लिहून ठेवतात, आयांना सांगायला. त्यांनी मागची पानं काढली. नवरात्रातला मंगळवार, मेतकूट-भात. दहा दिवसांनी, मेतकूट-भात. पण ऑगस्टातही मेतकूट-भात होता, दोनदा, आणि तेव्हा स्वरदाला काही झालं नव्हतं. मेतकुटात दाणे पडत नाहीत. तांदळात तर नाहीतच. मग नवं काय आलं?

दोन दिवसांनी निहार स्वरदाचे कपडे आणि उशी न्यायला आला. तो दाराबाहेरच उभा राहिला. मावशींनी पिशवी दिली आणि विचारलं, "भातावर तूप घालता का रे तिच्या?"

"तुपाचा वास आवडत नाही तिला. कच्चं तेल घालते मधुवंती."

"कुठलं?"

"सूर्यफुलाचं. लाकडी घाण्याचं. पाकिटातल्या तेलात काय काय मिसळतात म्हणून गणपतीनंतर बदललं तिनं. समोर काढून देतात." मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. "का विचारताय?"

"सहज," मावशी म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या चपला घालायला लागल्या. काकांनी अडवलं. "तू कित्याक जातंस थंय? तुझ्यावर बोट दाखवल्यानी त्यांनी. आता त्यांचा त्यांनी बघूदे."

"पोरगी उद्या परत जेवतली मा," मावशी म्हणाल्या.

स्टेशनकडे जाताना घाण्याच्या तेलाचं आमच्या भागातलं एकमेव दुकान लागतं. पुढे बाटल्या, मागे विजेवर फिरणारा घाणा. दुकानदार तरुण होता, उत्साहानं दाखवत होता. मावशींनी विचारलं, "सूर्यफुलाचं कशात काढता?"

"यातच, काकू. सकाळी शेंगदाणा, मग करडई, सूर्यफूल. ज्याची ऑर्डर असेल तसं."

"मधे धुता का?"

"घाणा धुवायचा नसतो. पाणी लागलं तर तेल टिकत नाही. पेंड काढतो, फडक्यानं पुसतो." तो लपवत काहीच नव्हता. कोणी हे कधी विचारलंच नव्हतं.

मावशींनी तिथून सरळ टॉवर गाठला. मधुवंतीनं दार साखळी लावूनच अर्धं उघडलं.

"मावशी, मला या विषयावर बोलायचं नाहीये."

"मी तिला परत पाठव म्हणायला आले नाही. तू घाण्याचं तेल वापरतेस ना, त्याच घाण्यात शेंगदाणा काढतात. मी बघून आले. तेवढं बंद कर."

"म्हणजे आता चूक माझी?"

"चूक कोणाची ते राहू दे."

"तुमच्या बाईच्या पिशवीत लाडू सापडला. तुम्हीच सांगितलंत मला."

"सांगितलं. सोमवारी ती बाई नव्हती गं घरात."

"हे तुम्हाला आज सुचलं? अर्धी मुलं गेल्यावर?" तिनं दार लावलं.

मावशी लिफ्टपाशी थोडा वेळ थांबल्या. दार उघडलं नाही. त्या घरी आल्या, पण भाताचा डबा त्यांनी फेकला नाही. तसाच बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तिचा विश्वास बसत नसेल तर डॉक्टरांना द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुढचं मला मधुवंतीनंच सांगितलं. दार लावल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तेलाची बाटली उघडून बघितली. तिला वास आला नाही. तिला वाटलं, मावशी स्वतःला वाचवायला बघतायत. तरी त्या रात्री तिनं स्वरदाच्या ताटात तेल घातलं नाही. सुट्टीच्या दिवशी ती कुणाला न सांगता त्या दुकानात गेली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिली. साडेनऊला घाण्यात शेंगदाणे पडले. सव्वाअकराला पेंड निघाली, फडकं फिरलं आणि सूर्यफुलाच्या बिया पडल्या. पहिल्या तेलाची धार बाटलीत गेली. ती बाटली एक बाई विकत घेऊन गेली. तिथून ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, पाकिटातलं तेल गाळून गाळून साफ केलेलं असतं, घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहू शकतो, आणि हिला अंशही पुरतो. घाण्यात आधी काय काढलंय त्यावर कमी-जास्त होणार. म्हणून कधी होत होतं, कधी नव्हतं.

ती मावशींकडे आली तेव्हा योगायोगानं मी तिथे होते. यज्ञेशला परत ठेवण्याबद्दल विचारायला, खाली मान घालून. मधुवंती खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"मीच घालत होते," ती म्हणाली. "रोज पहाटे उठून, स्वतःच्या हातानं."

मावशी मुलांच्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "चांगलं म्हणूनच घालत होतीस."

"मी तुमच्या हातांचा वास घेतला."

"घेतलास," मावशी म्हणाल्या. त्यापुढे त्यांनी 'जाऊ दे' म्हटलं नाही. मला वाटलं होतं म्हणतील.

मधुवंतीनं त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, की कारण आमच्या घरात होतं, मावशींच्या घरात नव्हतं. खाली जोडलेल्या हातांचे, फुलांचे, हृदयाचे आकार आले. चार मुलं परत आली. दोन आली नाहीत. त्यांच्या आयांना काय वाटत राहिलं, ते त्यांनाच ठाऊक. परत आलेल्यांत स्वरदाही होती. मधुवंतीनं पुन्हा पाकिटातलं तेल आणलं, आणि भात खाऊन स्वरदाला पुन्हा कधी चट्टे उठले नाहीत.

सुंदराबाईंकडे मावशी स्वतः गेल्या. असल्फ्याच्या चढावर पायऱ्या चढताना दोनदा बसावं लागलं. सुंदराबाईंनी चहा केला, समोर ठेवला. मावशींनी सगळं सांगितलं. तेल, घाणा, वही.

सुंदराबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पिशवी उघडलीत, त्याचं मला एवढं नाही. तिच्या आईनं तुमच्या हाताचा वास घेतला, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात. मी होते तिथे. म्हणून वाटलं, मला तरी आधी विचाराल."

 

सुंदराबाई पंधरा दिवसांनी कामाला आल्या. स्वरदाला पूर्वीसारखंच थापटून झोपवायच्या. पण पिशवी आणणं त्यांनी सोडलं. रिकाम्या हातानं येतात, किल्ली आणि फोन मुठीत. गुरुवारी मावशी त्यांच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू करून ठेवतात. त्या नाही म्हणत नाहीत. कागदात गुंडाळून घरी नेतात. मावशींच्या घरात बसून त्यांनी तो एकदाही खाल्लेला नाही.

या जूनमध्ये स्वरदा शाळेत जायला लागली. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मधुवंती मावशींना सोबत घेऊन तिच्या बाईंना भेटायला गेली. "मला घाबरवल्यासारखं बोलता येतं फक्त," ती म्हणाली, "तुम्ही नीट सांगाल." मावशींनी बाईंना सांगितलं, की सुरुवातीला ती रडत नाही. आधी गप्प होते. जीभ दातांवर घासते, कान ओढते. तेव्हाच धरायचं, चट्टे उठायची वाट बघायची नाही. बाई हसून हो हो म्हणत होत्या.

परत आल्यावर इमारतीच्या फाटकाशी रिक्षातून उतरताना मावशी म्हणाल्या, "त्या बाईंनी एक अक्षर लिहून घेतलं नाही."

"मी कागद देऊन आलेय ना, मावशी."

"वाचतील कशावरून?"

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला, डब्याच्या सुट्टीच्या वेळी, मावशी शाळेच्या जाळीबाहेर उभ्या होत्या. घरी मुलं सुंदराबाई बघत होत्या. वॉचमननं विचारलं, कोणाची आजी? मावशी म्हणाल्या, कोणाची नाही, आणि तिथेच उभ्या राहिल्या. मुलं डबे घेऊन रांगेत बसली होती. शेजारच्या मुलीनं स्वरदापुढे काहीतरी धरलं. स्वरदानं मान हलवली. बाई पाठमोऱ्या होत्या. मावशींनी घंटा होईपर्यंत नजर हलवली नाही. तो आठवडाभर त्या रोज गेल्या.